रोमेलच्या बॅटनमध्ये आपली एक पलटण आहे, तेवढं सांगत जा: महायुद्धाच्या गोष्टी मराठीतून सांगणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

यूट्यूबवर, पॉडकास्टवर, कॉलेजातल्या व्याख्यानांत, दिवाळी अंकांत जे जे लोक मराठीतून दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी सांगतात त्या सगळ्यांना हे पत्र आहे. कुणा एकाचं नाव घेत नाही, कारण मुद्दा कुणा एकाचा नाहीये. आणि आधीच सांगतो, मी तुमचा प्रेक्षक आहे, रात्री जेवण झालं की मोबाईल उभा करून मी आणि माझा दहावीतला मुलगा तुमचे एपिसोड बघतो, स्टालिनग्राड नकाशावर कुठे आहे हे त्याला तुमच्यामुळे कळलं. इतकी मेहनत घेऊन मराठीत हे करणारे लोक थोडे आहेत याची मला जाणीव आहे, म्हणूनच लिहितोय.

विषय एकच आहे. एर्विन रोमेल, उत्तर आफ्रिकेत लढलेला हिटलरचा जर्मन सेनापती. डेझर्ट फॉक्स, वाळवंटी कोल्हा. गेल्या दोन-तीन वर्षांत मराठीत रोमेलवर जेवढं ऐकलं त्यात एक ठरलेला साचा दिसतो, गळ्यात दोन क्रॉस घातलेला फोटो, मागे वाळवंट, आणि मग पदकांची यादी, आयर्न क्रॉस, पूर ल मेरीट, नाइट्स क्रॉस, त्याला ओकची पानं, तलवारी, हिरे, आणि शेवटी फील्ड मार्शलचा दंड म्हणजे बॅटन. यादी बहुतेक वेळा बरोबरच असते, तक्रार ती नाही. तक्रार अशी की कुठलं पदक कशासाठी मिळालं, कुणी दिलं, कधी दिलं, आणि समोर कोण होतं हे कुणी सांगतच नाही. आणि त्या यादीतली सगळ्यात मोठी जी गोष्ट आहे, तो बॅटन, तो ज्या लढाईसाठी मिळाला त्या लढाईत पहिला मार ज्यांनी खाल्ला ती आपल्या मराठ्यांची पलटण होती. सेकंड बटालियन, फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री. म्हणजेच 'काळी पाचवी'. लिबियातलं बंदर तोब्रुक, २० जून १९४२. मी इतके व्हिडिओ पाहिले, एकातही हे नाव ऐकलं नाही.

माझ्या आजीचे थोरले भाऊ त्या पलटणीत होते. खटाव तालुक्यातले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. त्याबद्दल पुढे लिहितो, आधी तुमच्या यादीकडे येऊ, कारण ती यादी नीट उलगडली तरच मला काय म्हणायचंय ते कळेल.

रोमेल १५ नोव्हेंबर १८९१ चा, जर्मनीच्या वुर्टेम्बर्ग भागातल्या हायडनहाइम गावचा. बाप शाळामास्तर. सरदार घराण्यातला नाही, प्रशियाचा नाही, आणि हे महत्त्वाचं आहे कारण त्या काळच्या जर्मन सैन्यात वर जायचं तर आडनावाआधी खानदानी 'फॉन' असणं फार उपयोगाचं असायचं. हा साध्या घरातला मुलगा १९१० मध्ये १२४ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये भरती झाला, १९१२ मध्ये लेफ्टनंट झाला. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर दोन महिन्यांत मांडीत गोळी, दुसऱ्या दर्जाचा आयर्न क्रॉस, मग १९१५ च्या सुरुवातीच्या आर्गॉनच्या जंगलातल्या हल्ल्यासाठी पहिल्या दर्जाचा. हा आयर्न क्रॉस १८१३ पासूनचा, नेपोलियनविरुद्धच्या लढाईत प्रशियाच्या राजाने सुरू केलेला, म्हणजे नाझींच्या कितीतरी आधीचा. स्वस्तिक त्यावर १९३९ मध्ये आलं. हा फरक सांगायला एक वाक्य लागतं पण तो सांगितला नाही तर बघणाऱ्या पोराला वाटतं की सगळं एकच.

आता पूर ल मेरीट. फ्रेडरिक द ग्रेटने १७४० मध्ये सुरू केलेलं, निळा क्रॉस, नाव चक्क फ्रेंच कारण तेव्हा प्रशियाच्या दरबारात फ्रेंच बोलायचे. पहिल्या महायुद्धात हे फक्त अधिकाऱ्यांना मिळायचं आणि बहुतेक वेळा मोठमोठ्या जनरल लोकांना, सव्वीस वर्षांच्या ज्युनिअर अधिकाऱ्याला मिळणं म्हणजे खरोखर कमाल होती. ऑक्टोबर १९१७, इटलीची आघाडी, कापोरेट्टोची लढाई. रोमेल वुर्टेम्बर्गच्या पहाडी बटालियनमध्ये होता आणि त्याच्या हाताखाली काही कंपन्या होत्या. डोंगराच्या कण्यावरून तो इटालियन लोकांच्या मागच्या बाजूला घुसत गेला, मध्येच परत फिरायची ऑर्डर आली ती त्याने मानली नाही, शंभरेक माणसं आणि सहा मशीनगन घेऊन पुढे गेला आणि २६ ऑक्टोबरला मातायुरचं शिखर घेतलं. त्याच्याच आकड्यांप्रमाणे ५२ तासांत १५० अधिकारी, ९ हजार सैनिक आणि ८१ तोफा पकडल्या, आणि स्वतःचे मेले ६, जखमी ३०. डोंगरातल्या लढाईचा इतका भारी नमुना क्वचित सापडतो, आणि किल्ल्यांच्या, घाटांच्या प्रदेशातल्या माणसाला तर हे ऐकताना अंगावर काटा येतोच, मलाही येतो.

पण यातला गमतीचा नाही तर खरा माणूस दाखवणारा भाग तुम्ही गाळता. मातायुर जो पहिला घेईल त्याला पूर ल मेरीट असं कबूल झालं होतं आणि ते आधी मिळालं भलत्याच माणसाला, श्नीबर नावाच्या लेफ्टनंटला, ज्याने दुसरंच शिखर घेऊन तेच मातायुर समजलं होतं. बाजूच्या एका उंचवट्यासाठी शर्नर नावाच्या अधिकाऱ्याला मिळालं, तोच शर्नर पुढे हिटलरचा फील्ड मार्शल झाला. रोमेल भडकला, वरपर्यंत तक्रार केली, आणि डिसेंबरमध्ये, मधे लोंगारोने गाव घेतल्यावर, त्याला आणि त्याच्या बटालियन कमांडरला ते पदक मिळालं. म्हणजे पदकाची भूक या माणसाला होती, चांगलीच होती, आणि आयुष्यभर राहिली. त्याला कमी लेखायला हे लिहीत नाहीये. पुढे हिटलर आणि त्याचा प्रचारमंत्री गोबेल्स यांनी नेमकं काय पकडलं ते यातून समजतं म्हणून लिहितोय.

मधल्या वीस वर्षांवर फार थांबत नाही. कॅप्टन म्हणून बरीच वर्षं काढली, ड्रेस्डेनच्या इन्फंट्री स्कूलमध्ये शिकवलं, १९३४ मध्ये गोस्लारला हिटलरची पहिली भेट, १९३७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या लढायांवरचं त्याचं पुस्तक आलं आणि ते हिटलरला आवडलं. मग हिटलरच्या सुरक्षेच्या बटालियनचा प्रमुख, आणि ऑगस्ट १९३९ मध्ये मेजर जनरल. पोलंडवर हल्ला झाला तेव्हा हा हिटलरच्या मुख्यालयात, त्याच्या आजूबाजूला. रणगाड्यांचा काडीचा अनुभव नसताना फेब्रुवारी १९४० मध्ये सातवी पॅन्झर म्हणजे रणगाड्यांची डिव्हिजन हातात आली, ती कशी आली असेल ते तुम्हीच विचार करा.

त्या डिव्हिजनचं त्याने सोनं केलं यात शंका नाही. फ्रान्सवरच्या हल्ल्यात १३ मेला म्यूज नदी ओलांडली, स्वतः पाण्यापर्यंत उतरून, २१ मेला आरास इथे ब्रिटिश रणगाडे अंगावर आले तेव्हा विमानांवर मारायच्या ८८ मिलिमीटरच्या तोफा आडव्या करून त्यांना थांबवलं, १२ जूनला सेंट व्हॅलेरीला स्कॉटलंडच्या हायलँड डिव्हिजनचा मोठा भाग शरण आला. मेच्या अखेरीस नाइट्स क्रॉस मिळाला. आता हे बघा, तो त्याच्या हातात दिला कुणी? हांके नावाच्या लेफ्टनंटने, हिटलरच्या वतीने, आणि हा हांके मुळात गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयातला बडा अधिकारी, पुढे नाझी पक्षाचा गाउलायटर, म्हणजे प्रांताचा पक्षप्रमुख. म्हणजे पदक आणि प्रचार पहिल्या दिवसापासून हातात हात घालून होते. आणि त्याच जूनमध्ये, सोम नदीच्या त्या पट्ट्यात जिथे सातवी पॅन्झर लढत होती, तिथे फ्रेंच सैन्यातले आफ्रिकन सैनिक पकडल्यावर मारले गेले. ७ जूनला एरेन गावात गॅबन देशातून आलेले कॅप्टन चार्ल्स न्चोरेरे यांना कैद झाल्यावर गोळी घातली, का तर ते आपल्याला अधिकाऱ्यासारखं वागवा म्हणत होते. रोमेलने स्वतः हुकूम दिला असं मी म्हणत नाही. पण 'रोमेल म्हणजे स्वच्छ, सभ्य युद्ध' हे वाक्य बोलायच्या आधी हे नाव एकदा उच्चारा. न्चोरेरेही वसाहतीतला सैनिक, गोऱ्यांच्या सैन्यात दुसऱ्याच्या देशासाठी लढणारा, आपल्या आजा-पणज्यांसारखाच.

आता आफ्रिका. १२ फेब्रुवारी १९४१ ला रोमेल त्रिपोलीत उतरला. ओकची पानं मार्च १९४१, तलवारी जानेवारी १९४२. त्याच्या पहिल्याच धडकेत, एप्रिल १९४१ मध्ये, मेचिली नावाच्या वाळवंटातल्या ठाण्यावर आपली थर्ड इंडियन मोटर ब्रिगेड सापडली आणि बरेच जण कैद झाले. म्हणजे आफ्रिकेतल्या त्याच्या सुरुवातीच्या नावलौकिकातच आपले लोक आहेत. जून १९४१ मध्ये ब्रिटिशांनी हल्फाया खिंडीवर हल्ला केला तेव्हा खिंडीच्या खालच्या अंगाने जाणाऱ्यांत राजपुताना रायफल्स आणि आपली काळी पाचवी होती, समोर त्याच ८८ च्या तोफा वाळूत पुरून ठेवलेल्या. तो हल्ला फसला.

आणि मग १९४२ चा उन्हाळा. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या.

२६ मेला रोमेलने गझालाची लढाई सुरू केली, तीन आठवडे तुंबळ चालली, ब्रिटिशांची फळी फुटली आणि तोब्रुक उघडं पडलं. आदल्या वर्षी याच तोब्रुकने, ऑस्ट्रेलियन आणि इतर सैनिकांच्या जोरावर, आठ महिने वेढा सोसून रोमेलला आत येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की पुन्हा तसंच होईल. पण या वेळी तोब्रुक ते तोब्रुक राहिलं नव्हतं. रणगाडे अडवायचा चर वाळूने भरत आला होता. सुरुंग काढून गझालाच्या फळीसाठी नेलेले होते. गावाचा कमांडर दक्षिण आफ्रिकेचा मेजर जनरल क्लॉपर, नवीनच नेमलेला. आणि आग्नेय बाजूचा पट्टा दिला होता अकराव्या इंडियन ब्रिगेडला: कॅमरन हायलँडर्स, सेकंड-सेव्हन्थ गुरखा आणि सेकंड-फिफ्थ मराठा, म्हणजे आपली काळी पाचवी. रोमेलने नेमका तोच पट्टा निवडला, तिथून आत शिरायचं त्याने १९४१ मध्येच ठरवून ठेवलं होतं.

२० जूनच्या पहाटे पाच-सव्वापाचच्या सुमाराला स्टुका विमानं आली. जवळच्या विमानतळांवरून उठायची, बॉम्ब टाकायची, परत जाऊन भरून यायची, जणू पाळी लावलेली. सगळा मारा मराठ्यांच्या ठाण्यांवर. मागून तोफखाना. धुळीच्या आणि धुराच्या आड जर्मन पायनियर, म्हणजे इंजिनिअर सैनिक, चरापर्यंत आले, त्यावर रणगाड्यांसाठी वाट केली, आणि सकाळी नऊच्या आत रणगाडे आत होते. मदतीला जे ब्रिटिश रणगाडे यायचे ते उशिरा आले, सुटे सुटे आले आणि तसेच सुटे सुटे मारले गेले. संध्याकाळी जर्मन बंदरात पोचले. २१ ची सकाळ उजाडली आणि क्लॉपरने शरणागती दिली, सुमारे ३३ हजार माणूस कैद, आणि बरोबर गाड्या, पेट्रोल, अन्नाचे साठे. चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टच्या समोर बसलेले असताना त्यांना ही बातमी कळली.

२२ जूनला हिटलरने रोमेलला फील्ड मार्शल केलं. वय ५०. जर्मन भूदलाचा तेव्हाचा सगळ्यात तरुण फील्ड मार्शल. ३० सप्टेंबरला बर्लिनमध्ये त्याला बॅटन दिला गेला.

म्हणून म्हणतो, त्या बॅटनमध्ये आपली एक पलटण आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर, पुणे इथली पोरं, बेळगावला ट्रेनिंग घेतलेली, वाळूच्या खड्ड्यात बसून, अपुरे सुरुंग, अपुऱ्या रणगाडाविरोधी तोफा, आणि अंगावर आफ्रिकेतल्या जवळजवळ सगळ्या जर्मन विमानांचा मारा. ते हरले. हे लपवू नका, मला ते लपवलेलं नकोय. उलट हरलेल्यांची गोष्ट सांगायला जास्त जीव लागतो आणि तो तुमच्यात आहे म्हणूनच तुम्हाला सांगतोय.

आबा त्या दिवशी कैद झाले. मग इटलीत कैदेत, आणि घरी परत आले १९४५ मध्ये. मी लहान असताना ते खूप म्हातारे होते, ओसरीवर बसायचे, आणि मी सारखा विचारायचो की आबा लढाई सांगा. ते फारसं काही सांगायचे नाहीत. एकदा म्हणाले, पहाटे विमानं आली, मग काही दिसंना, मग दिसलं तर रणगाडे आमच्या मागं होते. एवढंच. 'मागं होते' हे शब्द मला तेव्हा कळले नव्हते. नकाशा बघितल्यावर, बऱ्याच वर्षांनी, कळले. रोमेलचं नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

त्यांच्या पत्र्याच्या डब्यात एक तारा होता, सहा टोकांचा, आफ्रिका स्टार. वाळूच्या रंगाची रिबन आणि त्यात लाल, गडद निळा आणि फिका निळा असे पट्टे. ब्रिटनमधल्या सैनिकांना हे स्टार कोरेच मिळाले पण हिंदुस्थानी सैन्याला दिलेल्यांवर मागच्या बाजूला नंबर आणि नाव ठोकलेलं असायचं, तसं आबांचं आहे, इंग्रजी अक्षरांत आणि आडनावात एक अक्षर चुकलेलं. ते पदक शौर्याचं नाही. तिथे होतो, एवढंच ते सांगतं.

मला वाटतं पदकांचा एपिसोड करायचा तर हा फरक आधी सांगायला हवा, की काही पदकं तू काय केलंस यासाठी असतात, काही तू तिथे होतास यासाठी, आणि काही देणाऱ्याला जगाला काय दाखवायचंय यासाठी. रोमेलचे हिरे तिसऱ्या जातीचे आहेत. बघा कसं. तोब्रुक पडल्यावर खरं ठरलं होतं की आता थांबायचं आणि आधी माल्टा बेट घ्यायचं, कारण रसदीची जहाजं माल्टावरूनच बुडत होती. जर्मन फील्ड मार्शल केसेलरिंग तेच सांगत होता. रोमेलने हट्ट धरला की इजिप्तमध्ये घुसायचं, हिटलरने मान डोलावली. १ जुलैला अल अलामेनच्या फळीवर दैर अल शैन इथे अठरावी इंडियन ब्रिगेड, इराकमधून घाईने आणलेली, दिवसभर अडून राहिली, संपली, पण त्याचा एक दिवस खाल्ला. त्या एका दिवसाने फार फरक पडला. मग २३ ऑक्टोबरला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीचा हल्ला, ३ नोव्हेंबरला हिटलरची ऑर्डर की एक पाऊल मागे नाही, विजय किंवा मरण. रोमेलने आधी मानली, दुसऱ्या दिवशी मोडली, आणि माघार सुरू झाली ती पार ट्युनिशियापर्यंत. ९ मार्च १९४३ ला त्याने आफ्रिका कायमची सोडली आणि ही गोष्ट जर्मन जनतेपासून लपवून ठेवली गेली. ११ मार्चला हिरे दिले. दोन दिवसांत! लढाई हरलेली, सैन्य अडकलेलं, जनरल परत बोलावलेला, आणि त्याच्या गळ्यात हिरे, कारण गोबेल्सने इतकी वर्षं उभा केलेला हिरो हरलेला दिसून चालणार नव्हता. हिरे मिळालेले त्याच्या आधीचे पाचही जण फायटर पायलट होते, भूदलातला हा पहिला, पूर्ण युद्धात एकूण २७ जणांनाच ते मिळाले. ही माहिती तुम्ही 'केवढा मान' म्हणून सांगता. तारीख सांगितली की तीच माहिती वेगळी वाटायला लागते. मे महिन्यात मागे राहिलेले दोन लाखांहून जास्त जर्मन-इटालियन सैनिक कैद झाले, आणि रोमेलच्या जागी आलेला जनरल फॉन आर्निम शरण आला तो आपल्या फोर्थ इंडियन डिव्हिजनला, जिच्यात तोब्रुक पडायच्या आधी आपल्या काळ्या पाचवीची अकरावी ब्रिगेड होती. हे तर तुमच्या एपिसोडचा शेवट म्हणून फुकट मिळालेलं सोनं आहे आणि कुणी वापरत नाही!

आता मला ज्याचा खरंच राग येतो ते. 'रोमेलने शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासला होता' असं वाक्य आता सर्रास ऐकू येतं, एका व्याख्यानात तर टाळ्यांच्या कडकडाटात ऐकलं. कुठल्या पत्रात, कुठल्या डायरीत, कुठल्या कागदात? रोमेलने बायकोला जवळजवळ रोज पत्रं लिहिली, लढाईच्या नोंदी ठेवल्या, पहिल्या युद्धावर पुस्तक लिहिलं, माणूस लिहिणारा होता. दावा करायचा असेल तर कागद दाखवा, नसेल तर नका करू. महाराजांना एका नाझी जनरलच्या शाबासकीची गरज आहे असं आपण कधीपासून समजायला लागलो?

तसंच त्या फोटोचं. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर रोमेल इंडियन लीजनच्या, म्हणजे नेताजींनी जर्मनीत उभ्या केलेल्या फौजेच्या शीख जवानांसमोरून जातोय असे फोटो आहेत. ते खरे आहेत. पण खाली 'रोमेल, भारताचा मित्र' असं लिहिता ते कशावरून? तो किनाऱ्यावरच्या संरक्षणाची तपासणी करत फिरत होता आणि त्यात हीही तुकडी होती. त्या फौजेतले कितीतरी जण उत्तर आफ्रिकेत पकडलेले, म्हणजे ज्यांना रोमेलच्या सैन्याने कैद केलं तेच. काही नेताजींकडे गेले, काहींनी नकार देऊन कैदेतच राहणं पसंत केलं. दोन्हीकडच्यांच्या मनात काय चाललं असेल, घरी पत्र जात नाही, इंग्रज आपले नाहीत, जर्मन तर नाहीतच, ती खरी गोष्ट आहे आणि ती मराठीत कुणीच नीट सांगितलेली नाही. आबा गेले नाहीत. का गेले नाहीत ते कधी बोलले नाहीत आणि जे गेले त्यांच्याबद्दल वाईट शब्दही त्यांच्या तोंडून आला नाही.

'रोमेल नाझी नव्हता, त्याने हिटलरला मारायचा कट केला' हे दुसरं ठरलेलं वाक्य. पक्षाचा सदस्य तो नव्हता, बरोबर. कमांडो पकडले की मारा ही हिटलरची ऑर्डर त्याने जाळली असं त्याच्या स्टाफने सांगितलं. शेवटी शेवटी युद्ध हरलंय हे त्याने तोंडावर सांगितलं. पण २० जुलै १९४४ च्या कटात त्याचा हात किती होता यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही, तो त्याआधी तीन दिवस विमानाच्या हल्ल्यात डोकं फुटून हॉस्पिटलमध्ये होता. १४ ऑक्टोबरला दोन जनरल हेर्लिंगेनच्या घरी आले, खटला की विष असा पर्याय दिला, घरच्यांना हात लावणार नाही असं वचन दिलं, पंधरा वर्षांच्या मुलाला आणि बायकोला सांगून तो गाडीत बसला. चार दिवसांनी उल्मला सरकारी इतमामात अंत्ययात्रा, कारण जखमा, असं जाहीर. हे वाचून कुणालाही वाईट वाटेल, मलाही वाटतं. पण त्याच अंत्ययात्रेत सगळी पदकं उशीवर मांडून नेली, म्हणजे मेल्यावरसुद्धा त्यांचा वापर चालूच होता. आणि १९४२ च्या उन्हाळ्यात, तो कैरोच्या दाराशी असताना, अथेन्समध्ये राउफ नावाच्या, एसएस या नाझी दलातल्या अधिकाऱ्याची एक तुकडी तयार बसली होती, रोमेलच्या सैन्यामागून जाऊन इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंना मारायला. ते झालं नाही कारण अल अलामेनला फळी टिकली. दैर अल शैनवर संपलेल्या आपल्या ब्रिगेडचा त्यात वाटा आहे. हे एवढं वजनाचं वाक्य आपल्याकडे पडून आहे.

ही रोमेलची चमक एकट्या जर्मनांनी नाही बनवली, तेही सांगा. जानेवारी १९४२ मध्ये चर्चिलनी भर पार्लमेंटमध्ये त्याला ग्रेट जनरल म्हटलं. तिथल्या ब्रिटिश सैन्याचे प्रमुख ऑकिनलेक, जे मुळात इंडियन आर्मीचेच अधिकारी, त्यांना तर आपल्या कमांडरांना लेखी सांगावं लागलं की रोमेलचं नाव सारखं घेऊ नका, सैनिकांना तो जादूगार वाटायला लागलाय. विचार करा, १९४२ मध्ये समोर लढणाऱ्या सैन्याला जे सांगावं लागलं तेच मला आज तुम्हाला लिहावं लागतंय. युद्धानंतर त्याचं पहिलं गाजलेलं इंग्रजी चरित्र लिहिलं ते एका ब्रिटिश ब्रिगेडियरने, जो इंडियन आर्मीत होता आणि गझालाच्या लढाईत कैद झाला होता. १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीला नवं सैन्य उभं करायचं होतं, त्याला एक स्वच्छ चेहरा हवा होता, आणि रोमेलचा जुना चीफ ऑफ स्टाफ श्पायडेल नाटोत मोठ्या जागेवर बसला. सगळ्यांची सोय झाली.

जर्मनीत यावर काय चाललंय तेही बघा. १९५७ मध्ये त्यांनी कायदा केला की युद्धातली पदकं लावायची तर स्वस्तिक काढलेली लावा. आणि आपण व्हिडिओच्या कव्हरवर स्वस्तिकासकट झूम करतो. त्याच्या जन्मगावी, हायडनहाइमला, १९६१ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. पाडा की ठेवा यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि २०२० मध्ये त्यांनी त्याच्यासमोर एका सुरुंगाने पाय गेलेल्या, कुबड्या घेतलेल्या माणसाची आकृती उभी केली, तिची सावली त्या दगडावर पडते. कारण अल अलामेनला रोमेलच्या लोकांनी जवळपास ५ लाख सुरुंग पेरले होते, ब्रिटिशांनी पेरलेले वेगळे, आणि इजिप्तच्या वाळवंटात अजूनही मेंढरं चारणाऱ्या बदूंचे पाय त्यात जातात. स्मारक ठेवलं, पण एकटं नाही ठेवलं. मला ही पद्धत फार आवडली आणि मी तुमच्याकडे तेवढंच मागतोय.

रोमेलवर व्हिडिओ करू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. करा, मातायुर तर अर्धा तास सांगा. फक्त पदक दाखवलं की तारीख आणि कारण सांगा. तोब्रुकचा नकाशा दाखवाल तेव्हा आग्नेय कोपऱ्यात 'सेकंड-फिफ्थ मराठा' असं मराठीत लिहा. नाइट्स क्रॉस सात हजारांवर लोकांना मिळाला आणि त्यातली वीस नावं आपल्या पोरांना पाठ आहेत, पण १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेलेले माणगावचे नाईक यशवंत घाडगे, वय २२, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर जखमींना पाठीवरून नेऊन मग तीन मशीनगन बंद पाडणारे नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव, ही दोन व्हिक्टोरिया क्रॉसची नावं किती जणांना येतात? माझ्या मुलाला परवापर्यंत येत नव्हती. त्यात माझीही चूक आहे.

अजून एक. अल अलामेनच्या कबरस्तानात एक वेगळं स्मारक आहे, ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला त्यांच्यासाठी, सहाशेहून जास्त नावं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर रेजिमेंटच्या जागी फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री टाकलं की नावं येतात, गावांची नावंसुद्धा कुठे कुठे येतात, स्पेलिंग इंग्रजांनी ऐकून लिहिलेलं त्यामुळे मोठ्याने वाचावं लागतं तेव्हा कळतं की हे आपल्या शेजारचं गाव आहे. मी आणि मुलगा गेल्या रविवारी वाचत बसलो होतो, दीड तास गेला. कुणी एपिसोड करणार असेल तर ती यादी मी मराठीत उतरवून द्यायला तयार आहे, पैसे नकोत. आबांच्या स्टारचा मागच्या बाजूचा फोटोही काढून ठेवलाय, तोही वापरा, नंबर तेवढा झाकून देईन.

तुमचा,
काळ्या पाचवीतल्या एका शिपायाचा नातू